डोंगरीतले आगरकर आणि कोल्हापूरचे बर्वे

अंधेरी स्थानकात पूर्वेच्या बाजूला उतरले की आपण आगरकर चौकात येतो. बसची रांग, रिक्षावाल्यांची घाई, वरून जाणारी मेट्रो आणि फुटपाथवरची भाजी, या सगळ्यात चौकाच्या नावाकडे बघायला कोणाला सवड असते? आपल्या धर्मग्रामातल्या कित्येक कुटुंबांचा दिवस या चौकातूनच सुरू होतो. एका रविवारी मिस्सेनंतर काही तरुणांना आम्ही सहज विचारले की हे आगरकर कोण. एकाने आमदार असतील असे सांगितले, दुसऱ्याने क्रिकेटपटूचे नाव घेतले. एका आजोबांना मात्र ठाऊक होते. टिळकांचे मित्र, आणि पुढे टिळकांशी भांडलेले, एवढे त्यांनी सांगितले.

गोपाळ गणेश आगरकर देव मानणारे नव्हते. मग आपल्या पत्रकात त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणाला वाटेल. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग सध्या आम्हाला वारंवार आठवतो, हेच त्याचे कारण. शेजारच्या इमारतीत पोलिसांची गाडी येते. अर्ध्या तासात मोबाइलवर फोटो फिरतो, नाव फिरते, संध्याकाळी वाहिनीवर बातमी लागते. त्या माणसाची मुले दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाहीत. खटला उभा राहायला अजून वर्ष असते, निकाल तर फार लांब. अशा वेळी आपण वाचणारे, पाहणारे आणि पुढे पाठवणारे असतो. आगरकर छापणारे होते. त्यांच्या हातून काय घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते आज थोडे सविस्तर सांगायचे आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कऱ्हाडला शिकताना पुढच्या शिक्षणाची सोय होईना, तेव्हा कोवळ्या वयात त्यांनी कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिक्षणासाठी ते रत्नागिरीला गेले, तिथे जमले नाही म्हणून परतले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला राहून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असे सांगतात. एम.ए. होऊन मुलगा मोठ्या पगारावर जाईल, या आशेवर आई होती. त्यांनी तिला पत्र लिहिले. पोटापुरत्या पैशांत समाधान मानून सारा वेळ लोकांच्या भल्यासाठी घालवणार असल्याचे त्यात आधीच कळवून टाकले. ते पत्र पुढे शाळेच्या पुस्तकांतून महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्या माउलीला ते वाचून काय वाटले असेल, हे मात्र कोणी विचारत नाही.

डेक्कन कॉलेजातच त्यांची टिळकांशी मैत्री जमली. दोघेही एकाच वर्षी, जुलै महिन्यातच जन्मलेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि आगरकर त्यांना येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी दोन पत्रे सुरू केली, इंग्रजीत ‘मराठा’ आणि मराठीत ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. वय पंचवीससुद्धा नव्हते. आज ‘केसरी’ म्हटले की टिळक आठवतात, पण १८८७ पर्यंत त्याची संपादकाची खुर्ची आगरकरांची होती.

पत्र सुरू होऊन वर्ष व्हायच्या आतच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक घेऊन १८७१ मध्ये त्यांना गादीवर बसवले, तेव्हा ते लहान मूल होते. पुढे त्यांची प्रकृती आणि मन ठीक नसल्याचे सरकारकडून सांगितले जाऊ लागले. त्यांच्यावर देखरेखीसाठी गोरे लोक नेमले होते, आणि त्यांना निर्दयपणे वागवले जाते अशा बातम्या पुण्यापर्यंत येत होत्या. राज्याचा कारभार रावबहादूर बर्वे या कारभाऱ्यांच्या हाती होता. लोकांच्या मनात संशय होता की महाराज वेडे नाहीत, त्यांना वेडे ठरवले जात आहे, आणि कारभारी त्यात सामील आहेत.

हा संशय अगदी हवेतून आला नव्हता. काही वर्षांपूर्वी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप झाला होता. चौकशीला सहा जणांचे मंडळ बसले. तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी ठरवले, तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराचे कारण देऊन गादीवरून काढले. गुन्हा शाबीत होवो न होवो, आरोपाने आपले काम केलेच. हे पाहिलेल्या लोकांना कोल्हापुरातही तसेच काही घडत असेल असे वाटले, तर त्यात नवल नाही.

अशा हवेत संपादकांच्या हाती काही पत्रे आली. ती बर्व्यांनीच लिहिलेली आहेत असे सांगण्यात आले, आणि त्यांवरून महाराजांविरुद्धच्या कटात बर्वे असल्याचे उघड होत होते. आगरकर आणि टिळक यांना ती खरी वाटली. १८८१ च्या अखेरीस आणि पुढच्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांतून बर्व्यांवर जळजळीत मजकूर आला. महाराष्ट्र खवळला. बर्व्यांवर कोणताही खटला नव्हता, कोणा न्यायाधीशासमोर त्यांचे म्हणणे ऐकले गेले नव्हते, पण घरोघर निकाल लागून गेला होता.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला चालू लागला आणि ज्या पत्रांवर सगळी इमारत उभी होती ती पत्रेच बनावट ठरली. कोणीतरी बर्व्यांच्या नावाने ती तयार केली होती. संपादकांना फसवले गेले होते, यात शंका नाही. त्यांना बर्व्यांविषयी वैयक्तिक आकस होता असेही कोणी म्हणणार नाही. ते तरुण होते, महाराजांविषयी त्यांना तळमळ होती, आणि जे ऐकायचे होते तेच कागद हाती आले होते. आम्हाला वाटते, खोटे पसरायला खोटारडी माणसे लागतातच असे नाही. कागदाचा उगम तपासायची गरज न वाटणारी चांगली माणसेही पुरतात.

पत्रे खोटी ठरल्यावर दोघांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. याबद्दल पुढे बर्व्यांनाच हट्टी ठरवण्यात आले. पण ज्याची अब्रू महिनोन्‌महिने गावोगाव वाचली गेली, त्याने न्यायालयाच्या शिक्क्याचा निकाल हाती हवा असे म्हटले, तर त्यात हट्ट कसला? माफी छापली जाते एकदा, आणि ती वाचणारे मूळ बातमी वाचणाऱ्यांपेक्षा नेहमीच कमी असतात.

खटला चालू असताना दोन घटना घडल्या. मार्च १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. दुसरी घटना जामिनाची. त्या काळी दहा हजार रुपये म्हणजे डोळे पांढरे करणारी रक्कम. ती भरायला पुढे आले रामशेठ उरवणे, आणि त्यांना सांगणारे होते जोतीराव फुले. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांची यथेच्छ टिंगल केली होती, आणि आगरकर–टिळक हे चिपळूणकरांच्याच शाळेतले. तरीही जोतीरावांनी आपला माणूस पाठवला. दोघे दोषी की निर्दोष, हे अजून ठरायचे होते. तोवर त्यांना घरी राहता यावे आणि आपला बचाव तयार करता यावा, एवढेच त्यांनी पाहिले. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत भावलेली गोष्ट ही आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी एका ओळीत आटोपलेली असते.

मुंबई उच्च न्यायालयाने १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद दिली. त्यांना डोंगरीच्या तुरुंगात ठेवले. तुरुंगाच्या त्या जागी पुढे मुलांसाठी सुधारगृह झाले. सजेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला दोघे सुटले, म्हणजे १०१ दिवस ते आत होते. तुरुंगातले अन्न पचेना, वजने उतरली. रात्र रात्र दोघे बोलत बसत, इतक्या मोठ्याने की पहारेकरी दटावत. नवे कॉलेज कसे काढायचे, देशाचे दारिद्र्य कसे जाईल, आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, असे विषय. आगरकरांनी तिथेच शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर हाती घेतले, ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. सुटल्यावर त्यांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक लिहिले. मराठीतल्या तुरुंगाच्या आठवणी म्हणून ते आजही वाचले जाते. गंभीर प्रसंगातही विनोद करण्याची आगरकरांची तऱ्हा त्यात दिसते.

सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर लोकांची गर्दी लोटली. हारतुरे झाले, सत्कार झाले. शिक्षा होऊन आलेले दोन तरुण महाराष्ट्राचे लाडके झाले, आणि बर्वे? ते तर खटला जिंकले होते. न्यायालयाने त्यांच्यावरचा आरोप खोट्या कागदांवर उभा होता हे मान्य केले होते. पण त्यांच्यासाठी मिरवणूक निघाली नाही. चरित्रांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते येतात ते टिळक–आगरकरांना तुरुंगात पाठवणारे कारभारी म्हणून. निर्दोष ठरलेला माणूस त्या गोष्टीतला खलनायक होऊन राहिला. आम्ही स्वतः शाळेत हा धडा शिकलो तेव्हा बर्व्यांविषयी आमच्या मनात रागच होता. पत्रे बनावट होती, ही गोष्ट आम्हाला कित्येक वर्षांनी कळली.

पुढे घडले ते आणखी गुंतागुंतीचे. २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळच्या दिवशी, चौथे शिवाजी महाराज अहमदनगरला वारले. देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली होती. महाराजांचे वय विशीचे. लोकांना वाटले, पाहा, ‘केसरी’ खरेच सांगत होता. महाराजांचे हाल होत होते ही गोष्ट खरीच होती, आणि ती उजेडात आणण्यात संपादकांनी धैर्य दाखवले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण हाल खरे होते म्हणून बर्व्यांच्या नावाची पत्रे खरी होत नाहीत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे तेव्हाच्या लोकांना जड गेले. आपल्यालाही जाते. एखाद्या ठिकाणी खरोखर अन्याय झालेला असतो, आपल्याला चीड आलेली असते, आणि मग जे पहिले नाव समोर येते त्यावर ती चीड उतरते.

इथे आपल्या भाषेतला एक घोटाळा सांगितला पाहिजे. पोलिसांकडे नोंदवतात ती पहिली खबर असते, तिच्यात कोणाचे नाव आले म्हणजे काहीही सिद्ध झालेले नसते. मग तपास होतो, आरोपपत्र दाखल होते, न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावे होतात, आणि शेवटी निकाल. या सगळ्या वाटेवर तो माणूस फक्त आरोपी असतो. पण बोलताना आपण ‘आरोपी’ हा शब्द गुन्हेगार याच अर्थाने वापरतो. बातमीत ‘कथित’ हा शब्द घातला की आपली जबाबदारी संपली असे काही जणांना वाटते, आणि वाचणारा तो शब्द डोळ्याआड करतो. एका गाजलेल्या मृत्यूच्या प्रकरणात वाहिन्यांनी जो गदारोळ केला, त्यावर जानेवारी २०२१ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तपास चालू असताना वाहिन्यांनी खटला चालवणे हा न्यायाच्या कामात अडथळा आहे असे त्यात स्पष्ट केले. आपल्या श्रद्धेपुरते बोलायचे तर आठवी आज्ञा पापनिवेदनाच्या तयारीत आपण झटकन ओलांडतो, कारण न्यायालयात खोटी साक्ष देण्याची वेळ आपल्यावर कधी आलेली नसते. पण दुसऱ्याचे नाव बिघडवले असेल तर ते शक्य तितके भरून द्यावे लागते, हेही ख्रिस्तसभेने शिकवले आहे. पैसे परत करणे सोपे. नाव परत कसे करायचे?

आगरकरांकडे वळू. तुरुंगात रंगवलेले कॉलेज प्रत्यक्षात आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पण त्या रात्रीच्या गप्पांतला वादही खरा ठरला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण यांवर आगरकर जे लिहू लागले ते ‘केसरी’तल्या सहकाऱ्यांना पेलेना. १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी बाजूसाठी गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्यासोबत होते. आता निंदेचे तोंड आगरकरांकडे वळले. पुण्यातल्या सनातनी लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि ती त्यांच्या घरावरून नेली. काही वर्षांपूर्वी हारतुरे घेऊन येणारे लोक त्यात नसतील असे म्हणवत नाही.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा जुनाच होता. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षात, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून वेगळे ठेवले होते, कोणावर भार नको म्हणून, असे सांगतात. वर्षानुवर्षे भांडलेल्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

टिळकांची गोष्ट मात्र इथे संपत नाही. डोंगरीत ते आरोप करणारे म्हणून गेले होते. पुढे त्यांच्यावरच आरोप झाला, आणि तोही राजकारणाशी संबंध नसलेला. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात टिळकांना विश्वस्त नेमले होते. त्यांच्या विधवा ताई महाराज यांनी दत्तक घेण्यावरून १९०१ मध्ये वाद उभा राहिला. औरंगाबादला झालेले दत्तकविधान खरे की खोटे, हा प्रश्न होता. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी १९०२ मध्ये टिळकांविरुद्ध निर्णय दिला, आणि खोटी साक्ष, बनावट दस्तऐवज अशा आरोपांखाली त्यांना फौजदारी न्यायालयाकडे पाठवले. राजद्रोहाची शिक्षा माणसाला मोठे करते. एका विधवेच्या मालमत्तेत खोटेपणा केल्याचा ठपका त्याला आतून पोखरतो. ऑगस्ट १९०३ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली, पण दोष कायम राहिला, आणि टिळकांना काही दिवस येरवड्याच्या तुरुंगातही काढावे लागले. शेवटी ४ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

वाचकहो, तोवर तीन वर्षे गेली होती. बर्व्यांना जे वाटले असेल ते आता टिळकांना उमगले असेल का, हे सांगणारे कोणी नाही. दिवाणी दावा तर आणखी लांबला. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो टिळकांच्या विरुद्ध दिला, तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते. १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवून टिळकांचे म्हणणे मान्य केले. म्हणजे चौदा वर्षे.

एवढे होऊनही आरोप मेला नाही. १९१० मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातल्या असंतोषावर पुस्तक लिहिले. त्यात टिळकांवर अनेक ठपके होते, आणि ताई महाराज प्रकरणही पुन्हा काढले होते. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यासाठी ते विलायतेला गेले. त्यांचे स्नेही, माझगावच्या माथारपाखाडीचे आपले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना सारे काका म्हणत, त्याआधीच १९१७ मध्ये होमरूलच्या कामासाठी तिकडे जाऊन आले होते. टिळकांच्या दाव्याची सुनावणी १९१९ च्या जानेवारीत सुरू झाली. फेब्रुवारीत ज्यूरीने चिरोलच्या बाजूने कौल दिला आणि खर्चाचा मोठा बोजा टिळकांवर पडला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडल्याला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती, आणि त्या जुन्या दत्तकविधानाच्या गोष्टी लंडनच्या ज्यूरीसमोर पुन्हा पहिल्यापासून वाचल्या गेल्या.